राजराज चोळ : चोळ घराण्याचं नाव आणि एका राजाची गोष्ट

आजच्या पाठात आपण दक्षिणेत जाणार आहोत, थेट कावेरीच्या काठी. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात चोळ घराण्याच्या वाट्याला फार जागा येत नाही. राजराज आणि राजेंद्र ही दोन नावं, तंजावरचं मंदिर, आरमार, की झाला धडा. परीक्षेपुरतं तेवढं चालतं. पण या राजराजाची गोष्ट नीट सांगितली तर अख्खा तास कमी पडतो, म्हणून ती इथे लिहून ठेवतोय.

आधी नावाचं बघू. वर्गात चोळ म्हटलं की मुलं हळूच हसतात. कुणाला चोळी आठवते, कुणाला अंग चोळणं. या दोन्हींचा इथे संबंध नाही हे पहिल्यांदा सांगून टाका. हे तमिळ राजघराण्याचं नाव आहे आणि ते खूप जुनं आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ते चोड असं येतं. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात आपल्या सीमेपलीकडच्या देशांची यादी आहे. तिथेही माणसांच्या आणि जनावरांच्या औषधपाण्याची सोय केली, असं तो सांगतो. त्या यादीत चोड आणि पांड्य शेजारी शेजारी आहेत. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हे घराणं इतकं ठळक होतं की पाटलीपुत्रात बसलेल्या राजाला त्याचं नाव घ्यावं लागलं, आणि ते त्याच्या राज्याबाहेर होतं.

मग कुणी चोड म्हणतं, कुणी चोल, कुणी चोळ. असं का? कारण मूळ तमिळ अक्षर आपल्याकडे नाही. जीभ मागे वळवायची, पण टाळूला टेकवायची नाही, आणि मग जो आवाज येतो तो. तमिळ या शब्दाच्या शेवटी हेच अक्षर आहे. देवनागरीत त्यासाठी ळ खाली टिंब देऊन ऴ असं अक्षर केलेलं आहे, पण ते वापरतंय कोण! हिंदीत ळ नाही म्हणून ते चोल लिहितात. आपल्याकडे ळ आहे, म्हणून आपण चोळ लिहितो, आणि ते मूळ उच्चाराच्या जास्त जवळ जातं. इंग्रजीत या अक्षरासाठी झेड आणि एच अशी दोन अक्षरं लिहितात, त्यामुळे काहीजण चोझा वाचतात. तुम्ही तसं वाचू नका.

या नावाचा अर्थ काय, यावर विद्वानांचं एकमत झालेलं नाही. जुन्या तमिळ कवितांत या राजांना किल्ली, वळवन, सेंबियन अशीही नावं आहेत. वळवन म्हणजे सुपीक जमिनीचा धनी, आणि कावेरीचं खोरं पाहिलं की हे नाव पटतं. सेंबियन म्हणजे कबुतरासाठी स्वतःचं मांस कापून देणाऱ्या शिबी राजाचा वंशज. ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. चोळांचं चिन्ह वाघ. शेजारच्या पांड्यांचं मासा, चेरांचं धनुष्य. चोळांचा प्रदेश तो चोळमंडल, आणि त्याच शब्दाचं परदेशी जिभांवर कोरोमंडल झालं. बंगालमधून चेन्नईला जाणाऱ्या कोरोमंडल एक्सप्रेसमध्ये हे चोळच बसलेले आहेत!

तर संगम काळातले जुने चोळ उरैयूरला राहायचे. आज ते तिरुचिरापल्ली शहरात आहे. करिकाल हा त्यांच्यातला नावाजलेला राजा, कावेरीवरचा कल्लणै बंधारा त्यानेच बांधला असं परंपरा सांगते. नंतर कित्येक शतकं हे घराणं पल्लव आणि पांड्यांच्या सावलीत दबून गेलं. इ.स. ८५० च्या सुमारास विजयालय नावाच्या चोळाने तंजावर घेतलं आणि घराणं पुन्हा उभं राहिलं. आपली गोष्ट त्याच्यानंतरची आहे.

आता एक असं वर्ष सांगतो जे आपल्याला जवळचं आहे. इ.स. ९४९. तेव्हा दख्खनवर राष्ट्रकूटांचं राज्य होतं. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी खोदलं तेच हे घराणं. त्यांचा राजा तिसरा कृष्ण दक्षिणेत उतरला आणि तक्कोलमच्या लढाईत चोळांचा दारुण पराभव झाला. चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसल्या बसल्या मारला गेला. तमिळ शिलालेख त्याला हत्तीवर निजलेला देव म्हणतात. मरण सांगायची ही त्यांची रीत. कृष्णाने पुढे कांची आणि तंजावर जिंकल्याची बिरुदं लावली. इ.स. ९५९ चा त्याचा एक ताम्रपट आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कराडला सापडला आहे. तो दिला तेव्हा कृष्णाची छावणी तमिळ देशात मेलपाडीला होती आणि जिंकलेला मुलूख तो आपल्या माणसांना वाटत होता. म्हणजे विचार करा, लुटलेलं घर तिकडे आणि त्याचा कागद आपल्या कराडात.

या पडत्या काळात राजराज जन्मला. पण तेव्हा तो राजराज नव्हता. त्याचं नाव अरुळमोळी. वडील सुंदर चोळ, आई वानवन महादेवी. मोठा भाऊ आदित्य करिकालन, मोठी बहीण कुंदवै. जन्मनक्षत्र शततारका. आजही तंजावरला ऐप्पसी महिन्यात त्या नक्षत्राला त्याचा उत्सव होतो.

भाऊ आदित्य शूर होता. त्याने वीर पांड्याला लढाईत मारलं आणि तसं बिरुदही लावलं. युवराज म्हणून त्याचं नाव ठरलेलं होतं. आणि सुमारे इ.स. ९७० मध्ये त्याचा खून झाला. रणांगणावर नाही, विश्वासघाताने. काही काळाने वडील गेले. शिलालेख सांगतात की ते कांचीच्या सोन्याच्या वाड्यात वारले, आणि आई त्यांच्यामागे सती गेली. भाऊ गेला, वडील गेले, आई गेली. उरली बहीण कुंदवै आणि घरातली एक वडीलधारी बाई, सेंबियन महादेवी.

या सेंबियन महादेवींकडे जरा लक्ष द्या. त्या अरुळमोळीच्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे गंडरादित्य राजाच्या विधवा. चुलत आजी म्हणू आपण. गंडरादित्य गेला तेव्हा त्यांचा मुलगा अगदी लहान होता, म्हणून राज्य धाकट्या पातीकडे गेलं. तो मुलगा म्हणजे उत्तम चोळ. आता तो मोठा झाला होता आणि गादीवर आपला हक्क सांगत होता. खरं पाहिलं तर हक्क होताच, थोरल्या पातीचा तो. नात्याने तो अरुळमोळीचा चुलत काका.

इथे पेच आहे. लोकांना अरुळमोळी राजा व्हायला हवा होता. तिरुवालंगाडूच्या ताम्रपटात तसं स्पष्ट आहे. पण काकाच्या मनात राज्य आहे तोवर मला ते नको, असं म्हणून त्याने काकाला गादीवर बसू दिलं. हा ताम्रपट राजराजाच्या मुलाने दिलेला आहे, त्यामुळे बापाचं कौतुक त्यात असणारच, हे ध्यानात ठेवून वाचा. तरी एक गोष्ट खरी, की उत्तम चोळाने दहा-बारा वर्षं राज्य केलं आणि अरुळमोळीने तोवर वाट पाहिली.

ही वाट पाहणं मनाचा मोठेपणा होता की शहाणपण? इतिहासकारांत दोन तट आहेत. कारण खुनाचं प्रकरण. राजराज गादीवर बसल्यावर दुसऱ्या वर्षीचा एक शिलालेख काट्टुमन्नारकोविलजवळ उडैयारगुडीच्या मंदिरात आहे. त्यात राजाने गावच्या सभेला हुकूम पाठवलाय, की करिकालनाला मारणाऱ्या द्रोह्यांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या जमिनी जप्त करून विका. सोमन, रविदासन, परमेश्वरन अशी त्यांची नावं आहेत. आणि ते कुणी परके शत्रू नव्हते, तर राज्यकारभारात बिरुदं मिळवलेले अधिकारी होते! यावरून काही अभ्यासकांनी उत्तम चोळावर संशय घेतला. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत या लोकांवर कारवाई झाल्याचा एकही लेख नाही, मग तो त्यांना सामील असला पाहिजे. दुसरे म्हणतात, एका लेखावरून एवढं मोठं अनुमान काढू नका. रविदासनाच्या बिरुदात पांड्यांचा वास येतो, तेव्हा वीर पांड्याचा सूड म्हणूनही हे झालं असेल.

मला स्वतःला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं, आणि त्याला कारण आहे. काकाने भावाला मारवलं असं अरुळमोळीला खरंच वाटत असतं, तर गादी मिळाल्यावर त्याने काकाच्या मुलाचं काय केलं असतं? त्या काळच्या राजघराण्यांत याचं उत्तर ठरलेलं असायचं. पण काकाचा मुलगा मधुरांतकन गंडरादित्य राजराजाच्या राज्यात मोठ्या अधिकारावर होता. देवळांचे हिशेब तपासायचा. आणि सेंबियन महादेवी शेवटपर्यंत मानाने जगल्या, गावोगावी विटांची देवळं पाडून दगडाची बांधत राहिल्या. घरात रक्त सांडलं होतं, पण ते पुढच्या पिढीत वाहू दिलं गेलं नाही.

कल्कींच्या पोन्नियिन सेल्वन या तमिळ कादंबरीचा गाभा हाच खून आहे. तिच्यावरचे मणिरत्नमचे दोन सिनेमे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. त्यातली नंदिनी मात्र कादंबरीकाराने घडवलेली आहे. मुलांनी विचारलं तर तेवढं सांगा.

इ.स. ९८५ मध्ये अरुळमोळी राजा झाला. चोळ राजे राजकेसरी आणि परकेसरी ही बिरुदं आळीपाळीने लावत. एकाने राजकेसरी लावलं तर पुढचा परकेसरी. त्या हिशेबाने हा राजकेसरी. काही वर्षांत राजराज हे नावही आलं, राजांचा राजा, आणि जन्माचं नाव मागे पडलं.

लढायांचं थोडक्यात सांगतो, कारण त्या पाठ करून काही मिळत नाही. पहिल्यांदा केरळात कांदळूर सालै इथे विजय मिळवला, चेर आणि पांड्य दोघांना दाबलं. मग समुद्र ओलांडून श्रीलंका. तिथे पाचवा महिंद राजा होता. हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी असलेलं अनुराधपुर चोळ सैन्याने उद्ध्वस्त केलं आणि पोलोन्नरुवाला ठाणं मांडून त्याला जननाथमंगलम असं नवं नाव दिलं. कर्नाटकातलं गंगवाडी आणि नोळंबपाडी घेतलं. आंध्रात वेंगीच्या भाऊबंदकीत हात घालून आपला माणूस गादीवर बसवला आणि आपली मुलगी त्या घरात दिली. तिचंही नाव कुंदवै, आत्याचं नाव भाचीला. अगदी शेवटी आरमार पाठवून समुद्रातली बारा हजार बेटं जिंकली असं लेख म्हणतात. ती मालदीवची बेटं असं मानतात.

एका स्वारीवर मात्र थांबू या. राष्ट्रकूट संपले आणि दख्खनवर कल्याणीचे चालुक्य आले. त्यांचा राजा सत्याश्रय. इ.स. १००७ च्या सुमारास राजराजाचा मुलगा राजेंद्र मोठं सैन्य घेऊन त्याच्यावर चालून आला आणि विजयपूर जिल्ह्यातल्या दोनूरपर्यंत पोहोचला. म्हणजे आपल्या सोलापूरला लागून असलेला मुलूख. सत्याश्रयाचा होट्टूरचा शिलालेख सांगतो की नऊ लाखांचं सैन्य आलं, देश लुटला, बायका, मुलं, ब्राह्मण मारले. नऊ लाख हा आकडा मानू नका, शत्रूचं सैन्य फुगवून सांगायची पद्धत होती. पण लूट खरी असावी, कारण तिचा दुसरा पुरावा तंजावरातच आहे. सत्याश्रयाला जिंकून परत आल्यावर राजराजाने देवाला सोन्याची फुलं वाहिली, हे मंदिराच्या भिंतीवर कोरलेलं आहे.

दोन्ही लेख शेजारी ठेवून मुलांना दाखवावेत असं मला वाटतं. एका भिंतीवर सोन्याची फुलं, दुसऱ्या दगडावर मेलेली माणसं, आणि घटना एकच. ९४९ मध्ये हेच उलट्या दिशेने झालं होतं. शिकवताना आपण ज्या राजाचा धडा असेल त्याच्या बाजूने उभे राहतो, तसं या ठिकाणी करू नये.

आता मंदिर. तंजावरचं जे मंदिर आपण बृहदीश्वर म्हणून ओळखतो, त्याला राजराजाने आपलं नाव दिलं होतं, राजराजेश्वरम. त्याच्या राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, २७५ व्या दिवशी, म्हणजे इ.स. १०१० मध्ये, त्याने शिखरावर ठेवायचा सोन्याचा मुलामा दिलेला कळस दिला. विमान दोनशे फुटांच्या वर, सगळं ग्रॅनाइटचं. कोकणातल्या जांभ्या दगडावर छिन्नी चालवणारा गवंडी सांगेल तुम्हाला ग्रॅनाइट म्हणजे काय चीज आहे ते. मुख्य स्थपतीचं नावही लेखात आहे, कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. त्या काळातल्या किती इमारतींच्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत आहे, सांगा बरं?

या मंदिराबद्दल मोबाइलवर काहीबाही फिरत असतं. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात. पडते, व्यवस्थित पडते. समोरचा प्रचंड नंदी राजराजाने बसवला म्हणतात. तो नंतरच्या नायक राजांच्या काळातला आहे. खोट्या गोष्टींची गरजच नाही हो, खऱ्या गोष्टी भिंतीवर लिहून ठेवलेल्या आहेत.

आणि तेच तर या राजाचं वैशिष्ट्य. तो लिहून ठेवायचा. आपण दिलेलं, आपल्या अक्काने दिलेलं, आपल्या बायकांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा असा हुकूम त्याने सोडला. क्रम पाहा. स्वतःनंतर लगेच थोरली बहीण, राण्या तिच्यानंतर. कुंदवैने या देवळात आई-वडिलांच्या मूर्ती करून ठेवल्या. पोरक्या भावंडांनी आई-वडिलांना देवळात आणून बसवलं, एवढंच म्हणतो.

गणिताच्या तासाला वापरता येईल असा एक लेख सांगतो. देवापुढे एक दिवा अखंड तेवत ठेवायचा तर रोज एक उळक्कु मापाचं तूप लागतं. त्यासाठी गुराख्याकडे ९६ मेंढ्या सोपवायच्या. मेंढ्या नसतील तर ४८ गाई, किंवा १६ म्हशी. म्हणजे एक गाय बरोबर दोन मेंढ्या, एक म्हैस बरोबर सहा मेंढ्या. मेंढी म्हातारी होईल, मरेल, पण कळपातला आकडा ९६ च राहिला पाहिजे, पिल्लांतून भर घालायची. म्हणून लेखात या मेंढ्यांना न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या म्हटलंय! चौथीच्या मुलांना ही उदाहरणं घालून बघा, भागाकार आवडायला लागतो.

देवळाचा पैसाही पडून नसायचा. तो गावच्या सभांना कर्जाऊ दिला जाई, व्याज वर्षाला शेकडा साडेबारा, आणि त्या व्याजातून देवळाचा खर्च. एका अर्थाने ती बँकच होती. बँकेवरून आठवलं, रिझर्व्ह बँकेने १९५४ मध्ये काढलेल्या हजाराच्या नोटेवर याच मंदिराचं चित्र होतं.

मग देवळातली माणसं. हिशेबनीस, शंख वाजवणारे, छत्र धरणारे, दिवे लावणारे, शिंपी, सोनार, कुंभार, परीट, न्हावी, ज्योतिषी. शिवाय तेवारम ही शिवाची स्तोत्रं गाणारे ४८ जण आणि साथीला दोन वाजवणारे. आणि चारशे नर्तकी. राज्यभरातल्या देवळांतून त्यांना तंजावरला आणलं. भिंतीवर प्रत्येकीचं नाव आहे, ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली ते आहे, तिची गल्ली आणि घराचा क्रमांकही आहे. प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला १०० कलम भात. एखादी मेली किंवा गाव सोडून गेली तर तिच्या जवळच्या नात्यातली बाई त्या जागी यायची.

हजार वर्षांपूर्वीच्या चारशे सामान्य बायकांची नावं आणि पत्ते आपल्याला माहीत असणं ही केवढी गोष्ट आहे! बहुतेक ठिकाणी राण्यांचीसुद्धा नावं नीट सापडत नाहीत. पण ती वाचताना मला एक प्रश्न पडतो आणि तो मी मुलांपुढेही ठेवतो. या बायकांना कुणी विचारलं होतं का, की तुमचं गाव सोडून तंजावरला येता का म्हणून? लेखात राजाने आणलं एवढंच आहे. एका मुलीने मला सांगितलं होतं की घर आणि भात मिळणार असेल तर मी गेले असते. दुसरी म्हणाली, आईला सोडून नाही. दोघींची उत्तरं मी फळ्यावर लिहिली आणि तास संपला.

राजराजाचं दुसरं मोठं काम म्हणजे जमिनीची मोजणी. इ.स. १००१ च्या आसपास त्याने शेतजमीन मोजून घेतली. मोजणाऱ्या अधिकाऱ्याला उलगळंदान अशी पदवी मिळाली, म्हणजे जग मोजणारा, वामनासारखा. जमिनीचं माप वेली. त्याचे ३२० भाग केले की एक मुंदिरी. त्या एका मुंदिरीचे पुन्हा ३२० भाग, आणि त्याखाली आणखी बारीक भाग, असे हिशेब लेखांत आहेत. प्रत्यक्ष शेतात एवढं बारीक मोजलं गेलं नसणार, ते कागदावरचं, म्हणजे ताडपत्रावरचं गणित. पण सारा ठरवताना कुणी लपवाछपवी करू नये यासाठी ते होतं. सातबारा काढायला तलाठ्याकडे खेटे घातलेल्या पालकांना हे सांगितलं तर ते म्हणतात, त्या राजाला आमच्या गावात पाठवा.

या सगळ्यात गावच्या सभा चालूच होत्या. चिठ्ठ्या घागरीत टाकून सभासद निवडायची उत्तरमेरूरची पद्धत त्याच्या पणजोबाच्या काळापासून होती. राजराजाने सभा मोडल्या नाहीत, पण हिशेब मात्र मागितले.

तो कट्टर शिवभक्त, शिवपादशेखर हे त्याचं एक बिरुद. तरी त्याच्या काळात श्रीविजयच्या राजाने, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या सुमात्राकडच्या राजाने, नागपट्टिनमला बौद्ध विहार बांधायला घेतला तेव्हा राजराजाने त्या विहाराला आनैमंगलम हे गाव दिलं. समुद्रावरचा व्यापार त्यामागे होता हे उघड आहे. त्या दानाचे २१ ताम्रपत्रे असलेले पट पुढे नेदरलँड्सला गेले, म्हणून त्यांना लायडनचे ताम्रपट म्हणतात. गंमत म्हणजे याच श्रीविजयवर पुढे १०२५ मध्ये राजेंद्राने आरमार पाठवलं. बापाच्या वेळचे मित्र मुलाच्या वेळी शत्रू.

इ.स. १०१२ मध्ये राजराजाने राजेंद्राला बरोबरीने राज्यावर घेतलं. आपल्या तरुणपणी गादीवरून काय झालं हे तो विसरला नसावा. १०१४ मध्ये तो गेला. एकोणतीस वर्षं राज्य केलं. राजेंद्राने राजधानी तंजावरहून हलवून गंगैकोंडचोळपुरमला नेली आणि तिथे बापासारखंच मंदिर बांधलं, पण शिखर जरा कमी उंचीचं ठेवलं. बापाच्या मानासाठी, असं लोक सांगतात.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. एवढं सगळं दगडावर लिहून ठेवलेला हा राजा लोक पार विसरले. मंदिर उभं, पूजा चालू, पण ते कुणी बांधलं विचारलं तर भलत्याच चोळाचं नाव सांगायचे. जुनी अक्षरं वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं. १८८६ नंतर युजेन हुल्त्श या जर्मन विद्वानाने भिंतीवरचे लेख वाचायला घेतले तेव्हा राजराजाचं नाव परत आलं. १९३१ मध्ये गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळांच्या काळातली चित्रं सापडली. १९८७ मध्ये मंदिर जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

तोपर्यंत या भिंतींवर आणखी एक भाषा आली होती. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य केलं, आणि त्यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत याच मंदिरात कोरून घेतला. प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर तो आहे, भला मोठा, मोडी नव्हे तर देवनागरीत. सहलीला तंजावरला गेलात तर सगळे विमानाकडे मान वर करून बघत असतील, तेव्हा पाच मिनिटं काढून त्या कोपऱ्यात जा. तमिळ लेख आपल्याला वाचता येणार नाहीत, पण हा मराठी लेख पाचवीतल्या मुलालाही अक्षर लावून लावून वाचता येतो.